एन-१ चा आकडा क्षणभर घसरतो, सेन्सर बदलला तरी तक्रार परत येते : चुंबकीय वेगसंवेदकाच्या बिघाडाचे निवारण

टेक लॉगमधील (विमानाच्या तक्रारवहीतील) नोंद अशी होती : चढाईत डाव्या इंजिनाचा एन-१ क्षणभर दोन ते तीन टक्क्यांनी घसरला आणि पूर्ववत झाला, बाकी सर्व वाचने स्थिर. (एन-१ म्हणजे इंजिनाच्या पंख्याची टक्क्यांत दाखवलेली गती.) दोन इंजिनांच्या एका टर्बोफॅन विमानावर ही नोंद पाच आठवड्यांत चौथ्यांदा आली, तोपर्यंत वेगवेगळ्या पाळ्यांतील तिघांनी तिच्यावर काम केले होते, दोनदा सेन्सर बदलला गेला होता आणि प्रत्येक वेळी ‘ग्राउंड रन (जमिनीवर इंजिन चालवून घेतलेली चाचणी) समाधानकारक’ असे लिहून विमान सोडले गेले होते. त्या तिघांपैकी एक मी होतो, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यात दुसऱ्या कोणाला नावे ठेवण्याचा प्रश्न येत नाही. काढलेले दोन्ही सेन्सर कार्यशाळेतून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आले होते, आणि खरे तर पहिला परत आला तेव्हाच आम्ही थांबून विचार करायला हवा होता.

हा बिघाड केवळ आमच्या वाट्याला आलेला नाही. चुंबकीय वेगसंवेदक ज्या ज्या यंत्रावर बसतो, मग ते मुख्य इंजिन असो, एपीयू (सहायक वीजपुरवठ्याचे छोटे इंजिन) असो, पंख्याचा गिअरबॉक्स असो किंवा हेलिकॉप्टरचा रोटर असो, तिथे अधूनमधून दिसणारी आणि हँगरमध्ये आल्यावर नाहीशी होणारी ही तक्रार ओळखीची असते. तिचा माग काढण्यासाठी सेन्सरच्या आत काय घडते हे डोळ्यांसमोर असावे लागते. मॅन्युअलमधील पायऱ्या त्यानंतरच अर्थपूर्ण वाटतात.

संकेत कसा तयार होतो

या सेन्सरमध्ये हलणारा एकही भाग नसतो. एक कायमचुंबक, त्याला लागून मऊ लोखंडाची दांडी, त्या दांडीभोवती बारीक तांब्याच्या तारेचे कुंडल आणि हे सगळे बंद करणारी पोलादी नळी, एवढाच त्याचा संसार. त्याच्या टोकासमोर अगदी थोडी फट ठेवून, शाफ्टवर बसवलेली लोहचुंबकीय धातूची दातेरी चकती फिरत असते. दात टोकासमोर आला की चुंबकीय बलरेषांना सोपी वाट मिळते आणि कुंडलातून जाणाऱ्या बलरेषा वाढतात. खाच समोर आली की वाट अवघड होते आणि बलरेषा घटतात. कुंडलातील बलरेषा बदलत असतील तरच त्यात विद्युतदाब निर्माण होतो, आणि बदल जितका झपाट्याने होईल तितका दाब जास्त, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन इथे जसेच्या तसे कामाला लावलेले आहे. सेन्सरला बाहेरून वीजपुरवठा लागत नाही, आत इलेक्ट्रॉनिक घटक नसतात, आणि म्हणूनच इंजिनाच्या उष्णतेत व कंपनात तो वर्षानुवर्षे टिकतो. हॉल परिणामावर चालणारा सेन्सर अगदी मंद गतीसुद्धा मोजतो, परंतु त्याला पुरवठा लागतो आणि त्यातील अर्धवाहकाला फार उष्णता सोसत नाही. इंजिनाच्या पोटात साधे कुंडलच बरे पडते.

एक दात म्हणजे संकेताचे एक आवर्तन. चकतीवरील दातांच्या संख्येला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून साठने भागले की हर्ट्झमधील वारंवारता मिळते. साठ दातांची चकती असेल तर हर्ट्झ आणि फेरे यांचा आकडा एकच येतो, त्यामुळे चाचणीच्या बाकावर ती सर्वांच्या आवडीची. आमचे विमान कोणते होते हे इथे महत्त्वाचे नाही, पण आकडे हाताशी असावेत म्हणून बोइंग ७३७ नेक्स्ट जनरेशनवरील सीएफएम५६-७बी इंजिनाचे उदाहरण घेतो. त्याच्या एन-१ चकतीला ३० दात असतात. १०० टक्के एन-१ म्हणजे मिनिटाला ५,१७५ फेरे, म्हणजे सेन्सरमधून निघणारा संकेत २,५८७.५ हर्ट्झचा. तीस दातांपैकी एक दात बाकीच्या एकोणतीस दातांपेक्षा जाड ठेवलेला असतो. त्याचा स्पंद इतरांहून थोडा मोठा येतो, आणि त्यावरून पंखा फेऱ्यात नेमका कुठे आहे हे कळते. ट्रिम बॅलन्स करताना, म्हणजे कंपन कमी करण्यासाठी पंख्याचा तोल साधताना, वजन कोणत्या जागी लावायचे हे ठरवायला त्याच स्पंदाचा आधार असतो. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर सारख्या उंचीच्या लाटांच्या रांगेत दर तिसाव्या लाटेने मान वर काढलेली दिसते, ती हीच.

निवारणासाठी या संकेतातील दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. वारंवारता गती सांगते. आयाम, म्हणजे लाटेची उंची, सेन्सरची व फटीची प्रकृती सांगते. कॉकपिटमध्ये फक्त पहिली दिसते. आयाम गतीबरोबर वाढतो आणि फट वाढली की झपाट्याने घटतो, त्यामुळे जो संकेत उड्डाणाच्या गतीला धडधाकट असतो तोच इंजिन सुरू होताना उंबरठ्याखाली राहू शकतो. नियंत्रकाच्या (इंजिनाचे नियमन करणाऱ्या संगणकाच्या) आतील परिपथ ठरावीक पातळीखालची लाट मोजतच नाही. नाहीतर आसपासच्या तारांमधील गोंगाटालाच तो गती समजून बसला असता.

लक्षण नीट वाचले तर अर्धे काम होते

इंजिन सुरू होताना एन-१ उशिरा ‘जागा’ होतो आणि नंतर सगळे व्यवस्थित चालते, असे असेल तर शंका आयामावर घ्यावी : फट वाढली आहे, टोकावर काहीतरी साचले आहे, चुंबक दुबळा झाला आहे किंवा कुंडलाचे काही वेढे आपसात जुळले आहेत. उलट, सुरुवात चांगली होते पण उंच गतीला व कंपनात आकडा लवतो, असे असेल तर आयामाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही, कारण त्या गतीला लाट सर्वांत उंच असते. तिथे तार, सांधा किंवा पिन कुठेतरी क्षणभर सुटते आहे. इंजिन थंड असताना ठीक आणि पंधरा-वीस मिनिटांनी वाचन गायब, ही कुंडलातील तुटलेल्या तारेची खूण. थंडीत तुटलेली टोके एकमेकांना टेकून असतात आणि तापल्यावर प्रसरणाने दूर होतात.

एक गमतीचे लक्षण जुन्या ॲनालॉग निर्देशकांवर आढळते : इंजिन बंद आहे, पंखा हाताने धरून ठेवता येतो, तरी काटा शून्यावर येत नाही. अशा विमानांतील वीज सहसा ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची असते. तीस दातांच्या चकतीच्या हिशेबाने ४०० हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ८०० फेरे, आणि ५,१७५ ला शंभर टक्के मानले तर साडेपंधरा टक्के. बंद इंजिनावर नेमका तेवढ्याच्या आसपासचा आकडा दिसला तर सेन्सरला हात लावायचे कारण नाही. संकेताच्या तारेवरील शिल्ड (बाहेरचा गोंगाट अडवणारे धातूचे आवरण) कुठेतरी तुटले आहे आणि शेजारच्या वीजवाहिनीतील ४०० हर्ट्झ आत झिरपत आहेत. आपल्या इंजिनाच्या दातांची संख्या घेऊन हा एक आकडा आधीच काढून वहीत लिहून ठेवावा.

आमच्या नोंदीतही असाच एक हिशेब दडलेला होता, पण तो करायला आम्हाला चौथी नोंद यावी लागली. पूर्ण गतीला तीस दातांच्या चकतीवर एक दात सुमारे ०.३९ मिलिसेकंदात जातो. समजा नियंत्रक १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत दात मोजत असेल, तर त्या खिडकीतून साधारण २५९ दात जायला हवेत. संकेत केवळ तीन मिलिसेकंद तुटला तरी सात-आठ दात हुकतात आणि आकडा तीन टक्क्यांनी खाली येतो. प्रत्येक नियंत्रकाची मोजणीची रीत वेगळी असते, तरी या ढोबळ गणिताने एक गोष्ट पक्की होते : तीन टक्क्यांची घसरण म्हणजे डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी संपणारा खंड. शिवाय एवढा जड पंखा तीन टक्क्यांनी मंदावून सेकंदाच्या आत परत पूर्ववत होणे, आणि तेही एन-२ (इंजिनाच्या गाभ्याची गती), इंधनप्रवाह व तापमान यांच्यात काहीही हालचाल न होता, हे घडत नाही. घसरला तो आकडा. पंख्याची गती जशीच्या तशी होती.

एकाआड एक उड्डाण

चौथ्या नोंदीच्या रात्री विमान सकाळपर्यंत उभे राहणार होते, त्यामुळे प्रथमच घाई नव्हती. आम्ही काउल (इंजिनावरचे आवरण) उघडण्याऐवजी लॉगची पाने उघडली आणि तक्रार ज्या उड्डाणांत आली ती उड्डाणे मोजली. तेव्हा असे दिसले की एकाच दिवसाच्या चार फेऱ्यांपैकी तक्रार पहिल्या व तिसऱ्या फेरीत आली होती, दुसऱ्या एका दिवशी दुसऱ्या फेरीत. पण सलग दोन फेऱ्यांत ती कधीच नव्हती.

अशा इंजिनांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात अ आणि ब असे दोन स्वतंत्र चॅनेल असतात आणि इंजिन सुरू होण्याच्या प्रत्येक वेळी नियंत्रण एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एन-१ सेन्सर बाहेरून एकच दिसला तरी आत प्रत्येक चॅनेलसाठी वेगळे कुंडल आणि वेगळा कनेक्टर असतो; उदाहरणाच्या इंजिनात तर तीन स्वतंत्र संकेत निघतात, दोन चॅनेलांना आणि तिसरा कंपनमापकाला. तक्रार एकाआड एक येते, याचा अर्थ ती एकाच चॅनेलची आहे. नियंत्रकाच्या साठवलेल्या नोंदी वाचल्यावर तो चॅनेल ब असल्याचे निघाले.

इथून पुढचा विचार कागदावर पाच मिनिटांचा होता. चुंबक दोन्ही कुंडलांना एकच, चकती एकच, बसण्याची जागा आणि फटही एकच. यांपैकी कशातही खोट असती तर ती दोन्ही चॅनेलांवर दिसली असती. ब चॅनेलपुरते मर्यादित असे उरते ते फक्त ब चे कुंडल, ब चा कनेक्टर, ब ची हार्नेस (तारांचा जुडगा) आणि नियंत्रकातील ब चा प्रवेशपरिपथ. त्यांपैकी कुंडल तर सेन्सरबरोबर दोनदा बदलून झाले होते. म्हणजे आम्ही आतापर्यंत जो भाग बदलत होतो तोच संशयाच्या यादीतून सर्वांत आधी बाद व्हायला हवा होता.

मग सेन्सर बदलल्यावर दरवेळी आठ-दहा दिवस तक्रार का थांबत होती? कारण सेन्सर बदलायचा म्हणजे कनेक्टर सोडवायचा, पिना पुसायच्या आणि कनेक्टर पुन्हा आवळायचा. उपाय लागू पडत होता तो कनेक्टर हलवण्याचा, आणि श्रेय जात होते नव्या सेन्सरला. वारंवार येणाऱ्या विद्युत तक्रारींमध्ये हा फसवा दिलासा मी त्यानंतर अनेकदा पाहिला आहे. एखादा भाग बदलल्यावर तक्रार काही दिवस थांबून परत आली तर तो भाग बसवताना आपण आणखी कशाकशाला हात लावला याची यादी करणे हा माझा आता पहिला उद्योग असतो.

उजव्या इंजिनाचा सेन्सर डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे बसवून पाहण्याची सूचना त्या रात्रीही आली. ती मोहक आहे, पण दोन इंजिनांच्या विमानावर एकाच वेळी, एकाच माणसाने, दोन्ही इंजिनांच्या एकाच भागाला हात लावणे मला मान्य नाही. एक चूक दोन्हीकडे होण्याची ती सर्वांत सोपी वाट आहे.

तीन मिलिसेकंदांचा खंड पकडायचा कसा

मल्टिमीटरने तो सापडत नाही. त्याचा आकडा सेकंदाला जेमतेम काही वेळा बदलतो आणि तीन मिलिसेकंदांचा खंड त्याच्या सरासरीत विरघळून जातो. हार्नेसचा रोध आम्ही आधी तीनदा मोजला होता आणि तीनही वेळा तो मर्यादेत आला होता. चालू इंजिनाशेजारी उभे राहून हार्नेस हलवण्याचा तर विचारही करू नये.

त्याऐवजी सेन्सर वगळून तपासणी करता येते. हार्नेसचे दोन्ही कनेक्टर, सेन्सरकडचा आणि नियंत्रकाकडचा, सोडवले. सेन्सरच्या टोकाला सिग्नल जनरेटर जोडून काही व्होल्टांची, सुमारे १,००० हर्ट्झची शुद्ध लाट सोडली आणि नियंत्रकाच्या टोकाला दहा किलो-ओहमचा रोध व त्याच्या समांतर ऑसिलोस्कोप लावला. सामान्य वेळी पडद्यावर सलग लाटा दिसतात. ऑसिलोस्कोपचे ट्रिगर असे लावले की लाट ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ गायब राहिली तरच पडदा गोठेल. जोडणीसाठी कनेक्टरला जुळणारी, योग्य मापाच्या पिनांची चाचणी-वायर वापरली, आणि या वायरीवरच पुढे सगळी गोष्ट फिरली.

मग एकाने पडद्यावर नजर ठेवली आणि दुसऱ्याने हार्नेस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक क्लँप ते पुढचा क्लँप अशा टप्प्यांनी, हलक्या हाताने वाकवली व टिचक्या मारल्या. मधल्या भागात काही मिळाले नाही. गरम हवेच्या गनने, मॅन्युअलच्या मर्यादेत राहून, टप्प्याटप्प्याने तापवली. तरीही काही नाही. सेन्सरकडच्या कनेक्टरच्या मागे, बॅकशेलपासून (कनेक्टरच्या मागच्या टोपणापासून) चार बोटांवर, टिचकी मारताच पडदा गोठला. लाटांच्या मध्ये एक सपाट रेघ होती, सुमारे दोन मिलिसेकंदांची. पुन्हा टिचकी, पुन्हा रेघ. पाच आठवड्यांत आम्ही प्रथमच तो बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होतो.

सॉकेट सैल कसे झाले

कनेक्टरच्या आत पाहिले तर सोन्याचा मुलामा असलेली सगळी सॉकेटे भिंगाखाली स्वच्छ दिसत होती. काळेपणा नाही, हिरवटपणा नाही. सॉकेटची पकड तपासायला ठरावीक मापाची व ठरावीक वजनाची एक गेज-पिन मिळते; ती सॉकेटमध्ये घालून कनेक्टरचे तोंड खाली केले की पिन लोंबकळत राहिली पाहिजे. पहिल्या सॉकेटने ती धरून ठेवली. दुसऱ्यातून ती सरळ निसटून खालच्या कापडावर पडली, टक् असा बारीक आवाज करून. पुन्हा घातली, पुन्हा पडली.

सॉकेटच्या आत पिनेला कवेत घेणाऱ्या स्प्रिंगसारख्या पाकळ्या असतात. त्या एकदा फाकल्या की परत मिटत नाहीत. त्या का फाकल्या याचे उत्तर माझ्याच हत्यारपेटीत होते. पहिल्या तक्रारीच्या वेळी हार्नेसचा रोध मोजताना मल्टिमीटरचे टोक थेट सॉकेटमध्ये खुपसले गेले होते. त्या टोकाची जाडी पिनेच्या जवळजवळ दुप्पट होती. दुसऱ्या व तिसऱ्या वेळी तेच पुन्हा घडले. पहिल्या तक्रारीचे मूळ कारण कदाचित झिजलेल्या पृष्ठभागाचे किंवा अर्धवट आवळलेल्या कनेक्टरचे असेल. पण त्यानंतरचा बिघाड तपासणीनेच पोसला, यात मला शंका नाही. सॉकेटमध्ये मीटरचे टोक घालायचे नाही, जुळणाऱ्या पिनेची वायर लावूनच मोजायचे, हे प्रशिक्षणात सांगितलेले असते. रात्री दोन वाजता, पावसात, टॉर्च दातात धरून काम करताना ते गळून पडते.

दुरुस्ती साधी होती. त्या सॉकेटला योग्य काढणीच्या हत्याराने मागे ओढून काढले, मॅन्युअलने सांगितलेल्या क्रमांकाचे नवे सॉकेट योग्य क्रिंपरने (तारेवर दाबून बसवण्याच्या हत्याराने) बसवले, हलके ओढून पाहिले, आणि सर्व सॉकेटांवर गेज-पिन पुन्हा चालवली. मुलामा असलेल्या सॉकेटला एमरी पेपर किंवा खोडरबर कधीही लावू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लव न सुटणारे कापड पुरते. कनेक्टर आवळताना खटक्यांचा आवाज ऐकत, त्याच्या अंगावरील लाल पट्टी पूर्ण झाकली जाईपर्यंत फिरवावा. पट्टीचा दोऱ्याएवढा जरी भाग दिसत असेल तरी तो पूर्ण बसलेला नाही. त्यानंतर तीच सिग्नल जनरेटरची चाचणी पुन्हा केली. कितीही टिचक्या मारल्या तरी पडदा गोठला नाही. विमान सोडताना नोंदीत सॉकेटचा क्रमांक, चाचणीची रीत आणि टिचकीची जागा लिहिली, म्हणजे पुढच्या पाळीला आमच्यासारखे चाचपडावे लागू नये.

सेन्सरच बिघडलेला असेल तेव्हा

वरील प्रकरणावरून सेन्सर कधीच दोषी नसतो असे कोणी समजू नये. गिअरबॉक्समध्ये तेलाच्या सान्निध्यात बसणाऱ्या सेन्सरच्या टोकावर चुंबकामुळे लोहकण ओढले जातात आणि काळसर लव साचते. ती फटीला छोटे करते, दात व खाच यांतील फरक बुजवते आणि आयाम घटतो. अशी लव दिसली तर ती पुसून सेन्सर परत बसवणे ही घोडचूक ठरेल. तो कण कुठून आला, बेअरिंगचा आहे की गिअरचा, हा प्रश्न वेगसंवेदकाच्या तक्रारीपेक्षा फार मोठा आहे. नमुना जपून ठेवावा, चुंबकीय चिप डिटेक्टर (तेलातील धातूकण पकडणारा प्लग) पाहावा आणि तेलाच्या तपासणीचा मार्ग धरावा.

कुंडलाचा रोध मोजताना तापमान लिहिल्याशिवाय आकडा लिहू नये. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांना १०० ओहम दाखवणारे कुंडल १२० अंशांना १३९ ओहम दाखवेल, आणि दोन्ही वाचने निरोगी आहेत. नुकतेच बंद केलेले इंजिन उघडून काढलेल्या आकड्याची मॅन्युअलमधील थंड मर्यादेशी तुलना करून चांगले सेन्सर बाद झालेले मी पाहिले आहेत. उलट, रोध बरोबर आहे म्हणून चुंबक ठणठणीत आहे असेही नाही. बाकावर आपटलेला किंवा जबर चुंबकाशेजारी साठवलेला सेन्सर रोधाच्या चाचणीत उत्तम उतरतो आणि संकेत मात्र अर्धाच देतो.

इन्सुलेशनचा रोध मेगरने (उच्च दाब लावून रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासताना नियंत्रकाकडचा कनेक्टर सोडवलेला आहे याची दोनदा खात्री करावी. मेगरचे ५०० व्होल्ट नियंत्रकात गेले तर सेन्सरच्या तक्रारीपायी नियंत्रक बदलावा लागेल. मुंबई किंवा गोव्यासारख्या समुद्रकाठच्या विमानतळांवर जून ते सप्टेंबर या काळात हे वाचन हमखास खाली येते, कारण खारट ओलावा कनेक्टरच्या मागच्या बाजूने शिरतो. कोरडे करून पुन्हा मोजावे. वाचन वर आले तर मोकळ्या भोकांतील सीलिंग प्लग आणि बॅकशेलची रबरी कड जागेवर आहे का ते पाहावे.

तारांची अदलाबदल झाली तर काय होते, असा प्रश्न नवे सहकारी विचारतात. दात मोजण्यापुरता फरक पडत नाही असे वाटते, पण पडतो. दाताचा मध्य टोकासमोरून जाताना लाट शून्याला तीव्र उताराने छेदते आणि परिपथ तोच छेद धरून वेळ मोजतो. ध्रुवता उलटली की परिपथ खाचेच्या मध्यावरचा, मंद उताराचा छेद धरतो. तिथे थोडा गोंगाटही वेळेला मागेपुढे करतो, आणि जाड दाताच्या स्पंदावर अवलंबून असलेले ट्रिम बॅलन्सचे गणित भलत्याच कोनात उत्तर देते. हार्नेस दुरुस्त केल्यावर एन-१ व्यवस्थित दिसतो पण बॅलन्सचे वजन लावल्यावर कंपन वाढते, असे झाले तर तिथे पाहावे.

शिल्ड कोणत्या टोकाला जमिनीशी जोडायचे याबद्दल प्रत्येक जुन्या माणसाचे एक ठाम मत असते. ती सारी मते बाजूला ठेवून त्या विमानाचे वायरिंग मॅन्युअल उघडावे. वीज पडण्यापासूनचे संरक्षण लक्षात घेऊन केलेल्या रचनेत अनेकदा दोन्ही टोके जोडलेली असतात, आणि एक टोक ‘सुधारून’ सोडवणे महागात पडते.

आमच्या विमानावर त्यानंतरच्या तीन महिन्यांत ही नोंद आली नाही. दर आठवड्याला नियंत्रकाच्या ब चॅनेलच्या नोंदी काढून पाहिल्या, त्याही कोऱ्या होत्या. बाद ठरवलेल्या दोन सेन्सरांपैकी एक पुढे दुसऱ्या विमानावर बसला आणि अजून चालतो आहे. माझ्या पेटीत आता मीटरच्या टोकांशेजारी एक छोटी कापडी पिशवी असते, तिच्यात तीन मापांच्या चाचणी-वायरी आणि एक गेज-पिन.